बायचा गळा आणि तीन कॉर्ड

नंदाखाल गावच्या सॅन्टनला गिटारवर कॉर्ड येत होत्या तीन. पण वांद्र्याच्या नोकरीतून मे महिन्याच्या रजेवर गावी आला तो गळ्यात गिटार अडकवून, आणि तोरा असा की विचारू नका! इंग्रज जाऊन चार-पाच वर्षं झाली होती, पण जाताना ऐट ह्याच्याकडे ठेवून गेले असावेत.

मेमध्ये रोज संध्याकाळी वाडीतली माणसं क्रुसासमोर जमून लदीन म्हणत, म्हणजे मरियामातेची प्रार्थना. शेवटच्या दिवशी मातेचं गीत व्हायचं, मग उकडलेले चणे वाटायचे. ते गीत उचलायचा मान सॅन्टनच्या थोरल्या बहिणीचा, कॅथरिनचा. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवला. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. केळीची बाग आणि वर्षातून एकदा ते गीत, एवढंच तिचं स्वतःचं. आवाज जाड, खालचा, पण असा भरदार की आपोआप डोळे मिटावेत.

यंदा भावाच्या गिटारवर गायचं म्हणून ती हरखली. ओट्यावर तालमीला बसली, नेहमीच्या पट्टीत सुरू झाली, तर गिटार भलतीकडेच.

“थोडं खाली घे रे, सॅन्टू. एवढ्या वर माझा गळा जात नाही.”

खाली कसं घ्यायचं हे ह्या शहाण्याला कुठे ठाऊक होतं! आणि येत नाही म्हणायला जीभ रेटेना.

“गिटारची पट्टी ठरलेली असते, बाय. गळ्यानंच तिच्यामागं जायचं. मुंबईत सगळे तसंच गातात.”

बिचारीनं विश्वास ठेवला. भाऊ खोटं कशाला बोलेल? त्या दिवसापासून बागेला पाणी लावताना ती वरचा सूर ताणू लागली.

शेवटच्या लदीनीला सारी वाडी लोटली. गीत सुरू झालं, ओळ वर चढली आणि कॅथरिनचा आवाज फाटला. तिनं पुन्हा उचलला, पुन्हा फाटला. मागं पोरी फिदीफिदी हसल्या. सॅन्टननं थांबावं की नाही? छे! मान खाली घालून वाजवतच राहिला. अखेर शेजारच्या लुईझानं, कोवळ्या गळ्याच्या पोरीनं, गीत पुरं केलं. कॅथरिन चण्यांची टोपली घेऊन वाटत सुटली, कुणाच्या तोंडाकडे न बघता.

“कॅथरिनचा गळा गेला गं,” बायका म्हणाल्या. “गिटार मात्र झकास,” बाप्ये म्हणाले. सॅन्टननं आपल्या वाट्याचे चणे तसेच खिशात घातले.

दुसऱ्या दिवशी लग्नाच्या बँडात गिटार वाजवणारा आलोशियस भेटला. सॅन्टननं आडून आडून विचारलं. आलोशियस हसतच सुटला.

“अरे, सगळ्या तारा सारख्याच सैल कर की! बोटं तीच, कॉर्ड त्याच, पट्टी खाली. त्यात काय एवढं?”

सॅन्टन घरी आला, खुंट्या पिळून तारा उतरवल्या, जुळवल्या आणि बहिणीला म्हणाला, “बाय, आता म्हण.”

ती गायली. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, कुठे अडली म्हणून नाही. गाणं संपल्यावर तिनं गिटारकडे बघितलं.

“म्हणजे खाली घेता येत होतं.”

“मला येत नव्हतं, बाय.” सॅन्टनचा चेहरा काळवंडला.

“एवढं सांगितलं असतंस, तर मी गिटारशिवाय म्हटलं असतं रे.” मग पदरानं तोंड पुसत म्हणाली, “आज सकाळीच फादरना सांगून आले. पुढल्या वर्षापासून गीत लुईझा उचलेल.”

“मी जातो फादरांकडे. सगळ्यांना सांगतो, चूक माझी होती.”

तो उठलासुद्धा. तिनं त्याचा हात धरून खाली बसवला. “गप बस. एकाचं हसं झालं तेवढं पुरे. लोकांना तुझं वाजवणं आवडलंय.”

आणि सॅन्टन बसला. हात सोडवून घेतला नाही, की पुन्हा उठला नाही. लाज तर इतकी वाटत होती की तोंड कुठं लपवू असं झालं होतं. पण त्याहून मोठी लाज ही, की ती नको म्हणाली तेव्हा मेल्याला आतून हायसं वाटलं.