एकसष्ट मीटर कमी

तीन तास, एकोणसाठ मिनिटं, अठ्ठेचाळीस सेकंद. पूर्ण मॅरेथॉन मी चार तासांच्या आत संपवली, आणि असं करणारा मी वजनमापे कार्यालयाच्या इतिहासातला पहिला कर्मचारी ठरलो. त्याआधीचा आमचा विक्रम तिसऱ्या मजल्यापर्यंत जिना न थांबता चढण्याचा होता, आणि तोही वादग्रस्त होता.

आता हे वाचलंच नाही असं समजा. अशी कोणतीही शर्यत झालेली नाही. स्पर्धा समितीचं तसं पत्र माझ्याकडे आहे, जावक क्रमांकासहित.

तर, जी शर्यत झाली नाही, तिच्या आदल्या संध्याकाळी मी बाल्कनीत बसून पायाची नखं कापत होतो. दोन काळी पडली होती आणि तिसरं विचारात होतं. बाबा दारात उभे राहून बघत होते.

"मागे कोण लागलंय रे तुझ्या?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न ते सहा वर्षं विचारत होते. मी दर वेळी वेगळं उत्तर द्यायचो. त्या दिवशी म्हणालो, "वय."

"मग ते पुढे उभं असतं. मागे नसतं," बाबा म्हणाले आणि आत बातम्या बघायला गेले.

बाबा एकतीस वर्षं एका नऊमजली कचेरीत लिफ्टमन होते. मी एकदा हिशेब केला होता. दिवसाला दीडशे फेऱ्या, फेरीला सरासरी तीस मीटर, वर्षाचे दोनशे ऐंशी दिवस. एकोणचाळीस हजार साठ किलोमीटर झाले. म्हणजे पृथ्वीला एक प्रदक्षिणा व्हायला थोडंसंच कमी, आणि तीसुद्धा एका स्टुलावर बसून. मी हे त्यांना मोठ्या कौतुकाने सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आणि मध्ये पाणी द्यायला कोणी उभं नव्हतं."

माझं धावणं त्यांना खेळ वाटत नसे. खेळात समोर कोणीतरी हवा, आणि तो हरायला हवा, असं त्यांचं मत. चार हजार लोक धावतात आणि त्यातल्या तीन हजार नऊशे नव्याण्णवांना आपण जिंकणार नाही हे आधीच ठाऊक असतं, याला ते राजकारण म्हणायचे. बाबा म्हणजे एकाच पक्षाला चाळीस वर्षं मत देऊन चाळीस वर्षं त्यालाच शिव्या घालणारा माणूस. "तुमचं नि त्यांचं सारखंच," ते म्हणायचे. "वाजतगाजत निघायचं, लोकांना रस्त्यावरून हटवायचं, नि शेवटी निघालात तिथेच परत यायचं."

विज्ञान मात्र त्यांना आवडायचं. सरावाने माझे नाडीचे ठोके मिनिटाला बहात्तरवरून अठ्ठेचाळीसवर आले, हे सांगितल्यावर त्यांनी स्वतः मनगट धरून मोजले. मग विचारलं की वाचलेले चोवीस कुठे जातात. मी म्हणालो, म्हातारपणी मिळतात. ते म्हणाले, मग मला दे थोडे. आम्ही दोघंही हसलो. त्या वेळी ते हसण्यासारखंच होतं.

कार्यालयात मला सगळे 'पळपुटे' म्हणत. साहेब मस्टरवर सही घेतानासुद्धा "या, पळपुटे" असं म्हणायचे, आणि मला ते आडनाव असल्यासारखं वाटू लागलं होतं. माझं काम दुकानांतले तराजू, इंधन पंपांची मापं, कापडवाल्यांच्या मीटरपट्ट्या तपासायचं. ज्या वर्षाची गोष्ट सांगतोय, त्या वर्षी स्पर्धा समितीला कोणीतरी सुचवलं की मार्गाची लांबी अधिकृतपणे मोजून घ्या. पत्र आमच्याकडे आलं. साहेबांनी ते वाचलं, खिडकीतून बाहेर बघितलं, आणि म्हणाले, "पळपुट्यांना द्या."

मार्ग सायकलने मोजतात. पुढच्या चाकाला फेऱ्या मोजणारं एक छोटं यंत्र लावायचं. आधी स्टीलच्या टेपने रस्त्यावर तीनशे मीटर आखायचे, त्यावर सायकल चालवून चाक एका किलोमीटरमध्ये किती फेरे घेतं ते काढायचं, आणि मग त्या हिशेबाने सगळा मार्ग मोजायचा. शिवाय नियमात लिहिलंय की दर किलोमीटरला एक मीटर जास्त धरा, म्हणजे चूक झाली तरी मार्ग कमी भरणार नाही.

ही शेवटची ओळ मी तांबड्या शाईने खोडली. आमच्या खात्यात माप जास्त देणारा दुकानदारही चुकीचाच असतो. किलोला किलो. मी स्वतः एका म्हाताऱ्या भुसारवाल्याला जास्त तोलतो म्हणून नोटीस दिली होती. तो बिचारा अर्धा तास मला आपलं पाप काय ते कळावं म्हणून विनवत होता. तेव्हा एक मीटर फुकट वाटणं माझ्या तत्त्वात बसेना.

दुसरी गोष्ट टेपची. आमची प्रमाणित स्टीलची टेप भांडारपाल बाईंच्या कुलपात असते, आणि ती बारा ते तीनमध्येच मिळते. का, ते बाईंनाही माहीत नाही. त्यांच्या आधीच्या बाईंनी तसं सांगितलं होतं. म्हणून मी चाकाचा हिशेब भर दुपारी काढला, आणि रस्ता रिकामा हवा म्हणून मार्ग दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मोजला. प्रमाणपत्रावर सही केली. लांबी: बेचाळीस किलोमीटर, एकशे पंच्याण्णव मीटर, शून्य सेंटिमीटर. ते शून्य मी दोनदा गिरवलं.

शर्यतीच्या दिवशी सुरुवातीला एका पुढाऱ्याचं भाषण झालं. तो गाडीतून आला होता आणि धावण्याचं महत्त्व सांगून गाडीतूनच गेला. त्यात बावीस मिनिटं गेली. तयार केलेले स्नायू थंड पडले. लोक जागच्या जागी उड्या मारत होते, आणि पुढाऱ्याला तो आपल्यासाठी उत्साह वाटला.

पहिले तीस किलोमीटर सांगण्यासारखं काही नाही. धावणाऱ्या माणसाचे विचार फार थोर असतात असा समज आहे. मी तीस किलोमीटर एकाच गोष्टीचा विचार करत होतो, की गॅस बंद केला का. बत्तिसाव्यानंतर शरीरातली साखर संपते आणि मेंदू वाटाघाटी सुरू करतो. माझ्यापुढे केळ्याच्या वेषातले एक गृहस्थ धावत होते. केळ्याच्या मागे राहायचं नाही, एवढंच माझं ध्येय उरलं होतं.

पस्तिसाव्या किलोमीटरच्या पाटीशी मी घड्याळ बघितलं. याच वेगाने शेवटपर्यंत गेलो तर चार तासांना बारा सेकंद कमी. याहून जोरात पळायची ताकद नव्हती. माझ्याकडे जगात जे काही होतं, ते म्हणजे हे बारा सेकंद.

आणि पाटीच्या पुढे बाबा उभे होते.

सहा वर्षांत ते कधी आले नव्हते. दोन बस बदलून आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, दोरीच्या पलीकडे. लिफ्टचं दार मिटताना कोणी धावत येताना दिसलं की ते हात मध्ये घालायचे. अगदी तसा हात त्यांनी पुढे केला होता.

"जरा थांब," ते म्हणाले. "एक सांगायचंय."

"घरी बोलू, बाबा," मी म्हणालो. वेग कमी न करता म्हणालो. हे मला नीट आठवतं, कारण वेग कमी झाला नाही याचा मला त्या क्षणी अभिमान वाटला.

मागे वळून बघितलं नाही. पुढचं केळं मात्र थांबलं. दोरीपाशी त्याची बायको उभी होती, तिला त्याने जमेल तशी मिठी मारली. त्याला चार तास एकतीस मिनिटं लागली. मी निकालात शोधून काढलं होतं, विजयी मुद्रेने.

घरी गेलो तर बाबा जेवून पेपर वाचत बसले होते. त्यांनी पदक हातात घेऊन वजन केल्यासारखं वरखाली केलं आणि छान आहे म्हणाले. मी विचारलं, काय सांगणार होतात?

"कधी?"

"पस्तिसाव्याला."

"हां. ते राहू दे. तू घाईत होतास."

यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी भांडलो असतो आणि भांडणात ते बोलून गेले असते. महिन्याभराने पुन्हा विचारलं, तेव्हा विसरलो म्हणाले. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, आठवलं की सांगतो. आई म्हणाली, तुझ्या बुटाची नाडी सुटली असेल. मी शर्यतीचे फोटो मागवून पाहिले. नाड्या बांधलेल्या होत्या. ताईचं मत पडलं की त्यांना काही सांगायचं नव्हतंच, त्यांना फक्त थांबवायचं होतं. ताईला हे कसं कळलं ते तिने सांगितलं नाही, आणि मीही पुन्हा विचारलं नाही.

शर्यतीनंतर आठ महिन्यांनी बाबा गेले. दुपारी, खुर्चीत, बातम्या चालू असताना. कोणाचं तरी भाषण चाललं होतं.

पुढच्या महिन्यात मी भांडारपाल बाईंकडे टेप मागायला गेलो. शर्यतीच्या दिवशी बाबा नेमके कुठे उभे होते ते मला मोजून ठेवायचं होतं. याला काही शासकीय कारण नव्हतं. वहीत 'कारण' असा रकाना होता, तिथे मी 'तपासणी' लिहिलं. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच नियम मोडला.

"तीनला परत नका आणू," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी आणलीत तरी चालेल."

म्हणून आयुष्यात पहिल्यांदा ती टेप माझ्या हातात सकाळच्या गारव्यात आली. सवयीने मी सायकलही नेली होती. तीनशे मीटर आखले, चाक फिरवलं, आणि आकडा जुळेना. पुन्हा फिरवलं. मग रस्त्याच्या कडेला बसलो.

गोष्ट शाळेतल्या विज्ञानाची आहे. दुपारी टायरमधली हवा फुगते, चाक केसभर मोठं होतं. सकाळी ते आक्रसतं. मोठ्या चाकाचा हिशेब लावून मी छोट्या चाकाने मार्ग मोजला होता. प्रत्येक फेरीत केसभर कमी. बेचाळीस किलोमीटरमध्ये एकसष्ट मीटर कमी. आणि अशाच चुकीसाठी ठेवलेलं जास्तीचं माप मी तत्त्व म्हणून खोडलं होतं.

माझ्या वेगाने एकसष्ट मीटरला एकवीस सेकंद लागतात. म्हणजे चार तास, शून्य मिनिटं, नऊ सेकंद.

खरं माप असतं तर पस्तिसाव्याच्या पाटीशी मला घड्याळात दिसलं असतं की जमत नाही. मी तिथेच हरलो असतो. आणि हरलेला माणूस थांबतो.

साहेबांना मी लेखी अहवाल दिला. त्यांनी चष्मा काढला. पळपुटे म्हणाले नाहीत.

"कोणी तक्रार केलीय का?"

"नाही साहेब."

"मग?"

"माप कमी आहे."

साहेबांनी अहवाल पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाले की एखादा दुकानदार असा स्वतःहून आला असता तर आपण त्याला वेड्यात काढलं असतं. आणि सही केली.

समितीने शर्यत रद्द ठरवली. चार हजार लोकांच्या वेळा पुसल्या गेल्या. एका दंतवैद्याने आपली वेळ दवाखान्यात चौकट करून लावली होती. त्याने मला फोन करून माझी दाढ कधीही त्याच्याकडे आणू नये असं बजावलं. केळेवाल्या गृहस्थांचाही फोन आला. त्यांना फक्त खरंच एकसष्टच मीटर ना, एवढं विचारायचं होतं. हो म्हटल्यावर ते म्हणाले, बरं, आणि फोन ठेवला. त्यांचं काही गेलं नव्हतं.

समितीच्या पत्राच्या शेवटी लिहिलं होतं की या निर्णयाबाबत कोणाचं काही म्हणणं असल्यास तीस दिवसांत लेखी कळवावं. आज एकोणतिसावा दिवस आहे. मी पुढील अर्ज टंकलिखित करून दोन प्रतींत जोडला आहे.

प्रति,
मा. अध्यक्ष, स्पर्धा समिती.

विषय: पस्तिसाव्या किलोमीटरवर थांबण्याची परवानगी मिळण्याबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, सदर शर्यत झालीच नसल्याचे आपण आपल्या पत्रान्वये कळविले आहे. अर्जदारास ते मान्य आहे. तथापि, शर्यत झालीच नसल्यास अर्जदार पस्तिसाव्या किलोमीटरच्या पाटीवरून न थांबता पुढे गेला, ही नोंददेखील आपोआप रद्द होते. सबब, त्याच दिवशी, त्याच जागी, त्याच व्यक्तीसमोर अर्जदारास बारा सेकंद उभे राहू द्यावे. सदर व्यक्तीस जे सांगायचे होते ते त्याहून लांबल्यास जादा वेळ मंजूर करावा. सर्व वेळ अर्जदाराच्या एकूण वेळेत धरण्यास त्याची हरकत नाही.

योग्य त्या आदेशार्थ सादर.