कडककाकांचे कपाट आणि पाच पाहुण्या

मित्रांनो, मी एक जुने सागवानी कपाट आहे. माझ्याजवळ येताना तुम्ही नाक धरलेत, तरी मी वाईट वाटून घेणार नाही. मलाच माझी किळस येते.

सुताराने मला घडवले ते एका लॉन्ड्रीसाठी. चाळीस वर्षे माझ्या पोटात इस्त्रीचे कपडे राहिले. लॉन्ड्रीवाल्या काकांना सगळे ‘कडककाका’ म्हणत, कारण त्यांच्या हातची कॉलर कोणापुढे वाकत नसे. ते रोज माझे खण पुसत आणि प्रत्येक खणात डांबराच्या गोळ्या ठेवत. गिऱ्हाईक म्हणे, “हे कपाट उघडलं की कसं स्वच्छ वाटतं!” मी मनातल्या मनात फुलून जाई.

पुढे काकांचे गुडघे थकले आणि लॉन्ड्री बंद झाली. मला घरामागच्या बागेत, पत्र्याखाली उभे केले. तिथे निदान शांतता होती. पण एके सकाळी काकांची धाकटी बहीण भलीमोठी टोपली घेऊन आली.

“दादा, आठच दिवस सांभाळ. घराचं छत दुरुस्त झालं की नेते,” असे म्हणून तिने पाच कोंबड्या बागेत सोडल्या आणि पाणीही न पिता ती निघून गेली. काका आधी कोंबड्यांकडे बघत राहिले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि माझे नशीब फुटले.

शर्टांच्या खणात विष्ठा! काही हिरवी, काही पांढरी, काही ओली, काही वाळून घट्ट बसलेली. त्यात पिसे, सांडलेला दाणा आणि दाण्यावर बुरशी. पिसवांनी माझ्या फटींत संसार थाटले. एक लंगडी कोंबडी तर चादरींच्या खणातून हलायलाच तयार नसे. बिजागऱ्यांवर घाण साचून गंज चढला. काका दोन दिवस झाडून गेले, तिसऱ्या दिवशी विसरले.

“अहो, हे कपाट आहे की उकिरडा?” काकू नाकाला रुमाल लावून म्हणाल्या.

काकांना ते फार लागले. त्याच दुपारी वादळी वारा सुटला. त्यांनी कोंबड्यांना माझ्या पोटात घातले, प्रत्येक खणात मूठभर डांबराच्या गोळ्या टाकल्या, दारे लावली आणि फटींत कागद कोंबला. धूळ आत जाऊ नये म्हणून लॉन्ड्रीत ते असेच करत.

कितीतरी दिवसांनी मला माझा जुना वास आला. खोटे कशाला सांगू? मी सुखावले. वाटले, आता या घाणेरड्या पाहुण्या जातील आणि शर्ट परत येतील.

हळूहळू आतला कलकलाट थांबला. लंगडी मान टाकून माझ्या दाराला टेकली. तिची चोच उघडी होती. तिचे ऊबदार अंग माझ्या लाकडाला लागून थरथरत होते. ज्या वासावर मी खूश होते, तोच तिचा जीव घेत होता. मला माझीच लाज वाटली. पण कपाटाने ओरडावे कसे?

तेवढ्यात वाऱ्याचा जोरदार झोत आला. जिला मी इतके दिवस शिव्या देत होते, ती गंजलेली बिजागरी तुटली आणि दार धाडकन खाली आले. आवाज ऐकून काका-काकू दोघेही धावत आले.

“अहो, किडे मारायच्या गोळ्या त्या! कोंबड्यांना काय टॉनिक म्हणून दिल्यात?”

“कपड्यांना कधी काही झालं नव्हतं गं,” काका रडवेले झाले.

“कपडे श्वास घेत नाहीत!”

चौघी मोकळ्या हवेत लवकर सावरल्या. लंगडीला मात्र काका मांडीवर घेऊन बसले आणि थेंबथेंब पाणी पाजत राहिले. बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले, मान उचलली आणि काकांच्या पांढऱ्या शुभ्र शर्टावर भरपूर शिटली. काकांनी तो डाग पाहिला आणि ते हसू लागले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या पाठीला हवेसाठी भोके पाडली. दुखले, पण आत वारा खेळू लागला.

आठ दिवसांचे सात महिने झाले. काका पुन्हा झाडायला विसरतात. दुसरी बिजागरीही गंजते आहे. लंगडी अजून चादरींच्या खणातच बसते आणि मला अजून तिची किळस येते. तिचा श्वास चालू आहे ना, हेही मी रोज ऐकते.

मित्रांनो, कोणाला घरात घ्याल, तर त्याला काय सोसते ते आधी विचारा. आणि काका भेटले, तर त्यांना सांगा, रोज सकाळी माझा चादरींचा खण धुवा. तिला तिथेच झोपायचे असते.