खालच्या घराची सही

या प्रकरणात कुमारचे वाचणार होते चार हजार दोनशे युरो. जाळीच्या नालीचे दोन हजार तीनशे आणि पाणी जिरवायच्या शोषखड्ड्याचे एकोणीसशे. कंत्राटदाराच्या अंदाजपत्रकातल्या नेमक्या या दोन ओळींवर त्याने पिवळा हायलायटर फिरवला, तेव्हाच विभावरीने पुढचं ओळखलं. बारा वर्षांच्या संसारात तिला नवऱ्याचा एवढा तरी अभ्यास झालेला होता.

गाव टाउनसच्या डोंगरउतारावरचं. खाली फ्रँकफर्टला पाऊस पडतो तेव्हा इथे बर्फाचं फावडं काढावं लागतं. त्यांची आइनफार्ट, म्हणजे फाटकापासून गॅरेजपर्यंतची गाडीवाट, थंडीने जमीन फुगून जागोजागी उचकटली होती. नवे पेव्हर ब्लॉक बसवायचे तर खाली साठ सेंटीमीटर खडी भरणं भाग होतं. तिथे कंत्राटदार ऐकेना. राहिलं पाणी. पाण्याची सोय ज्याने त्याने आपल्या हद्दीत करायची, हा इथला कायदा. "शेजाऱ्याने लेखी दिलं तर गोष्ट वेगळी," असं कंत्राटदार बोलता बोलता बोलून गेला, आणि कुमारने ते झेललं.

शेजारी म्हणजे उताराला खाली, यशपाल आणि धम्मदीपा. तो रसायनांच्या कंपनीत, ती विद्यापीठात. अख्ख्या गावात मराठी घरं ही दोनच.

"एक सही तर हवी," कुमार म्हणाला. "तू बोल. ती तुझं ऐकते."

"आणि जानेवारीत ते पाणी त्यांच्या पायरीशी गोठेल, त्याचं काय?"

"आल्झो," हे त्याचं जर्मन पालुपद, "मीठ टाकतील! सगळे टाकतात. आणि हे बघ, आपली माणसं आपल्या उपयोगी पडायची नाहीत तर कोण पडणार?"

आपली माणसं! चार वर्षांत या आपल्या माणसांना आपल्या टेबलाशी एकदाही बसवलं नव्हतं. वाढदिवसाला गॅरेजमध्ये, ग्रिलला बागेत. आत कधी नाही. "आपण काही मानत नाही, पण आईला कळलं तर उगाच," हे कुमारचं ठरलेलं वाक्य. आई सांगलीला. धम्मदीपाकडून डबा आला की त्याला नेमकी ॲसिडिटी व्हायची. मग विभावरी तळघराच्या जिन्यात उभ्याने तो डबा संपवायची आणि वर येऊन मेसेज करायची, 'सगळ्यांना फार आवडलं गं.' किळस नवऱ्याची यावी की स्वतःची, हे तिने कधी नीट ठरवलं नव्हतं. ठरवलं तर काहीतरी करावं लागलं असतं.

पण या गावात तिला 'अगं' म्हणणारं धम्मदीपा हे एकच माणूस होतं, आणि तेवढं तिला जपायचं होतं.

रविवारी दुपारचं जेवण ठरलं. कुमारने स्वतः श्रीखंड आणलं. पाहुण्यांत एक जास्तीचे होते: यशपालचे वडील यादवराव, तीन महिन्यांसाठी आलेले. उभा जन्म बुलढाण्याकडे रस्त्याच्या कामांवर मुकादमी केलेले.

कुमार वाढत होता. स्वतः! "यादवराव काका, अजून एक पुरी. नाही म्हणायचं नाही. आपलंच घर आहे." आग्रहाचा तो ओशट सूर ऐकून विभावरीने आपलं ताट बाजूला सारलं. हाच माणूस सकाळी विचारत होता, रोजच्या प्लेटींऐवजी कागदी काढल्या तर नाही चालणार का.

वाट्या उचलायच्या आधीच कागद टेबलावर आला. जर्मन पत्र विभावरीनेच टाइप केलं होतं, जोडीला नकाशा.

"विभावरीवहिनींनी वाचलंय ना?" यशपालने खिशातून पेन काढलं. "मग झालं."

यादवरावांनी नकाशा पुढे ओढला. जर्मन त्यांना येत नव्हतं, पण बाण ओळखायला भाषा लागत नाही.

"ढाळ कुठं दिला, साहेब?"

"ते असतं थोडंसं, काका. टेक्निकल."

"थोडा कसा? अख्खा खाली उतरवलाय. नाली कुठाय?"

"गेनाऊ, तेच! जमीनच पिते इथली. जर्मन माती आहे, काका, आपल्यासारखी नाही." कुमार एकटाच हसला.

धम्मदीपाने सासऱ्यांकडे पाहिलं, कुमारकडे पाहिलंच नाही. ती विभावरीकडे वळली. "तू सांग गं. येईल का पाणी आमच्याकडे?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. कुमारचा पाय टेबलाखाली तिच्या पायावर आला आणि तिथेच राहिला.

"नाही येणार," विभावरी म्हणाली.

 धम्मदीपाने यशपालच्या हातातलं पेन घेतलं, आधी स्वतः सही केली आणि कागद त्याच्यापुढे सरकवला. यादवरावांनी वाटीतलं श्रीखंड संपवलं, अन्नाला नमस्कार केला आणि उठले.

पंधरा दिवसांनी खालच्या हद्दीशी खोदकाम सुरू झालं. धम्मदीपाचा मेसेज आला: 'नमस्कार. आम्ही आमच्या बाजूने नाली आणि शोषखड्डा करून घेतोय. दोन दिवस आवाज होईल, क्षमस्व. बाबा म्हणाले, सही दिली ती दिली. पाणी आपण अडवू. तुम्ही निश्चिंत राहा.'

कुमारने तो दोनदा वाचला आणि मांडीवर थाप मारली. "बघ! म्हटलं नव्हतं? माणसं चांगली आहेत." मग जरा विचार करून, "त्यांचं खोदायचं मशीन आलंच आहे, तर आपली खडी त्यातच उरकेल का? भाडं वाचेल. विचार ना तिला."

विभावरी सिंकशी गेली आणि नळ सोडून भांडी घासायला लागली. तिने विचारलं नाही. कुमारने खाली जाऊन स्वतः विचारलं, आणि यशपालने मशीन दिलं.

ऑक्टोबरअखेर काम पुरं झालं. जमाखर्च असा: नाली, शोषखड्डा आणि मशीनचं भाडं मिळून चार हजार आठशे युरो, भरले खालच्या घराने. वरच्या घराने त्यातला एक सेंट भरला नाही. आणि धम्मदीपा आता फाटकाशी भेटली की हसून विचारते, "कशा आहात?" ती किंमत विभावरीने भरली.