वाकवलेल्या फांद्या

मालूची आणि तिच्या धाकट्या जावेची, प्रणिताची, पेरूची रोपं एकाच टेम्पोतून कोलाडला उतरली होती. लावलीही एकाच दिवशी. बांधाच्या अलीकडे मालूने, पलीकडे प्रणिताने. तिसऱ्या वर्षी मालूची झाडं डोक्यावर गेली, नुसती पानांनी माजली. प्रणिताने मात्र ऐन वाढीच्या दिवसांत शेंडे खुडले, फांद्या जमिनीकडे वाकवल्या आणि सुतळीने खुंट्यांना बांधून टाकल्या.

"झाडाला काय गुरासारखं बांधतात गो?" मालू हसली होती.

दीड महिन्यात त्याच फांद्यांवर फुटवे आले, फुटव्यांवर कळ्या. मालूचा नवरा गुणाजी बांधावर उभा राहून म्हणाला, "पोरीच्या हाताला गुण हाय." वीस वर्षांच्या संसारात मालूच्या हाताबद्दल तो असं कधी बोलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी प्रणिता रोह्याला गेलेली बघून मालूने विळा घेतला आणि बांध ओलांडला. सपासप सगळ्या सुतळ्या कापल्या. फांद्या ताडकन वर जातील, कळ्या झडतील, असं तिला वाटलं होतं. फांद्या जागच्या हलल्या नाहीत. इतक्या दिवसांत त्यांना तोच बाक पडला होता.

संध्याकाळी प्रणिता सुतळ्यांचे तुकडे मुठीत घेऊन दारात आली.

"वैनी, ह्या कोणी कापल्या?"

"मी." खोटं बोलायचंही मालूत त्राण नव्हतं. "बघवत नव्हतं मला."

प्रणिताने मूठ उघडून तुकडे उंबऱ्यावर ठेवले. "ह्या आठवड्यात सोडायच्याच होत्या. सालीत रुतायला लागलेल्या. पण तुम्ही त्यासाठी नाय कापल्यात."

"नाय."

वाईट करायला गेलं, तर तेही प्रणिताच्याच भल्याचं झालं, हे मालूला सगळ्यात जास्त झोंबलं.

महिनाभर दोघी बोलल्या नाहीत. मग मालूने स्वतःच सुतळी आणली आणि आपल्या झाडाची एक जाड फांदी खाली ओढली. ती कडकन मोडली.

बांधापलीकडून प्रणिता बघत होती. "जून लाकूड नाय वाकायचं, वैनी. यंदाचं कोवळं धरा." बांधावर पाय ठेवून तिने विचारलं, "येऊ?"

मालूच्या ओठांवर 'नको' आलं होतं. "ये," ती म्हणाली.

मालूने कोवळी फांदी दाबून धरली, प्रणिताने बांधली. गाठ इतकी सुबक बसली की मालूला त्या गाठीचाही हेवा वाटला. पण तिने दुसरी फांदी धरली.