चार यंत्रांचं सोंग

माझ्या भाचीचं एक पत्र बरेच दिवस माझ्याकडे उत्तराविना पडून होतं. भाची दोन गल्ल्या सोडून राहते. रोज संध्याकाळी येते, चहा पिते, मामीशी गप्पा मारते आणि माझ्या कपाटातलं पुस्तक न विचारता घेऊन जाते. तरीही ते पत्र टपालाने आलं, कारण ती वाचनालयाची ग्रंथपाल आहे आणि पत्र मामाला नव्हतं, 'आदरणीय महोदय' यांना होतं. 'आपण वाचनालयाचे मानद संगणक सल्लागार म्हणून काम पाहावे. संमती लेखी कळवावी.' खाली सही आणि शिक्का.

वाचून मला घाम फुटला. सल्लागार झालं की सभेत बसणं आलं, आणि बसलं की कुणीतरी 'आपलं मत काय?' असं विचारणार. मी जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली. दुसऱ्यांच्या वाक्यांतल्या चुका काढण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे स्वतःचं वाक्य तोंडातून निघण्याआधीच मला त्यात चुका दिसायला लागतात.

"मामा, उत्तर?" भाची कप खाली ठेवताना विचारायची.

"मसुदा चाललाय."

"एका 'हो'चा मसुदा?"

"अगं, यांनी लग्नाचा होकारसुद्धा वडिलांकडून कळवला होता," बायको आतून म्हणाली.

अडचण खरी होती. वाचनालयाच्या कोपऱ्यात चार जुने संगणक आहेत. त्यांच्यावरच्या विकतच्या प्रणालीची डागडुजी कंपनीने थांबवली होती आणि नवी आवृत्ती त्या यंत्रांना पेलणारी नव्हती. वाचनालयाच्या अध्यक्षांचं फर्निचरचं दुकान. त्या कोपऱ्यात सोफा किती छान बसेल, हे ते येता-जाता हातांनी मापून दाखवत. सोफा आला असता तर नर्सबाईंची पंचाईत होती. त्या निवृत्त परिचारिका. त्यांची लेक परदेशात, आणि लेकीची पत्रं, नातवाचे फोटो हे सगळं त्या कोपऱ्यातल्या पहिल्या यंत्रावर यायचं. घरी संगणक नाही आणि मोबाइलच्या पडद्यावर नातू त्यांना मुंगीएवढा दिसायचा.

उपाय माझ्या घरी होता. माझ्या संगणकावर बरीच वर्षं मुक्त, म्हणजे कुठल्याही कंपनीच्या मालकीची नसलेली प्रणाली आहे. ती फुकट मिळते, जुन्या यंत्रांवरही पळते, पण मला तिचा दुसराच गुण मोठा वाटतो: तिचं रूप आपल्या हातात असतं. खालची पट्टी वर न्या, डावीकडे उभी करा, नको असेल तर काढून टाका. खिडक्यांच्या कडा, चित्रखुणा, अक्षरं, बाणाचं टोक, सगळं बदलता येतं. मी दर आठवड्याला काहीतरी बदलतो. बायको म्हणते, "खिडकीची कड केसभर जाड झाली तर यांना कळतं. माझ्या चष्म्याची फ्रेम बदलली ते अजून कळलेलं नाही." त्या दिवशी मी निरखून पाहिलं. फ्रेम खरंच नवी होती.

पण नर्सबाईंनी सगळ्या वाचकांच्या वतीने बजावून ठेवलं होतं, "इथलं काही हलवायचं नाही. वॉर्डातल्या कपाटात बाटली जिथे असते तिथेच हवी. एक बाटली सरकली तर काय होतं ते मला विचारा."

तेव्हा मी वेगळाच बेत केला. भाचीने किल्ली दिली आणि वर म्हणाली, "मला काही माहीत नाही." वाचनालयाच्या सुटीच्या दिवशी दुपारी मी चारही यंत्रांवर मुक्त प्रणाली चढवली आणि तिला जुनीचा मुखवटा घातला. तीच हिरवी टेकडी, डाव्या कोपऱ्यात तेच बटण, तीच पिवळी पाकिटं, तोच चुरगळलेल्या कागदांचा डबा. जुन्या पडद्याचा फोटो शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिली. डबा किंचित उजवीकडे गेला होता, तो सरकवला. घरी आलो तेव्हा इतका खूश होतो की बायकोने कपाळाला हात लावून ताप पाहिला.

दुसऱ्या दिवशी कुणाला काही कळलं नाही. फक्त नर्सबाई पडद्यासमोर कपाळाला आठ्या घालून बसल्या.

"हे इतक्या चटकन का उघडतंय?"

मी पुस्तकात तोंड खुपसून म्हणालो, "चांगलंच आहे की."

"चांगलं कसलं! मी चष्मा चढवेपर्यंत हे उघडून बसलेलं असतं. पूर्वी असं नव्हतं. रोगी अचानक पळायला लागला तर आम्ही आधी ताप बघायचो."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. संध्याकाळपर्यंत 'यंत्रांचं काहीतरी आतून सुटलंय' अशी कुजबुज सुरू झाली. मी घाबरलो. पुढच्या सुटीला परत गेलो आणि प्रत्येक कामाच्या आधी एक छोटीशी आज्ञा बसवली. आधी पडद्यावर वाळूचं घड्याळ फिरायचं, निवांत, जुन्या चालीने, आणि मग पान उघडायचं. थांबण्यासारखं काहीच नसताना यंत्र थांबायचं.

"आता कसं!" नर्सबाई म्हणाल्या. "झालं पूर्ववत."

रचलेली गोष्ट वाचकाला खरी वाटली की लेखकाला काय वाटत असेल ते मला त्या क्षणी वाटलं.

हा आनंद अध्यक्षांनी हातातलं घड्याळ काढेपर्यंत टिकला. ते एकदा पहिल्या यंत्रापाशी उभे राहिले, पान उघडायला किती वेळ लागतो ते मोजलं आणि घरी जाऊन ठराव लिहिला. यंत्रं थकली आहेत, भंगारात काढावीत, कोपऱ्यात बैठक व्यवस्था करावी.

भाची त्या संध्याकाळी आली ती चप्पल न काढताच. "मामा, तू म्हणालास पळतील. ही तर पूर्वीइतकीच रेंगाळतायत!"

मी वाळूच्या घड्याळाची गोष्ट सांगितली.

"म्हणजे वाळू तू ओतलीस?"

"नर्सबाईंसाठी."

"आणि आता त्याच वाळूमुळे त्यांचा नातू भंगारात जाणार. सभेत येऊन हे सांग."

"मी?"

"नाही, वाळूचं घड्याळ येऊन सांगेल!"

सभेला मी भाषण लिहून नेलं. वाचनालयातच सभा होती. सगळे खुर्च्या वळवून बसले होते. भाची लोकांसमोर मला 'तुम्ही' म्हणते. "तुम्हाला काही सांगायचंय ना?" ती म्हणाली. मी उभा राहिलो. कागदावरच्या पहिल्याच वाक्यात मला दोन दोष दिसले. ते मी मनातच दुरुस्त करत राहिलो.

"प्रुफवाले, बोला की," अध्यक्ष म्हणाले. "का तुमच्यातही वाळू अडकलीय?"

लोक हसले. बोलणं जमणार नाही हे उघडच होतं, म्हणून मी सरळ पहिल्या यंत्रापाशी गेलो आणि वाळूची आज्ञा काढून टाकली. पान टाळी वाजवल्यासारखं उघडलं.

"बघा, परत बिघडलं!" नर्सबाई ओरडल्या.

मग मी मुखवटाही उतरवला. टेकडी गेली, निळसर काळोख आला, खालची पट्टी वर जाऊन बसली, पिवळ्या पाकिटांची गोल चित्रं झाली.

"व्हायरस!" अध्यक्ष खुर्चीसकट मागे सरकले. "वायर काढा कुणीतरी!"

"व्हायरस नाही," मी म्हणालो. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "हे आधीपासूनच असं आहे. वरून फक्त जुनं रूप चढवलं होतं. मी. आणि वाळूही मीच ओतली. यंत्रं थकलेली नाहीत."

मग नर्सबाई उठून माझ्यासमोर आल्या.

"म्हणजे तुम्ही मला फसवलंत?"

"हो."

"आणि मी इतके दिवस ही तुमची नवी प्रणाली वापरत होते?"

"हो."

"न शिकवता?"

"न शिकवता."

त्यांनी यावर विचार केला. मग त्या अध्यक्षांकडे वळल्या. "ऐकलंत? मला नवी प्रणाली येते. यंत्राला हात लावायचा नाही." आणि मला म्हणाल्या, "टेकडी परत लावा. या अंधारात नातू दिसायचा नाही."

"आणि वाळू?"

"थोडी ठेवा. चष्मा घालेपर्यंत."

अध्यक्ष मात्र फुरंगटून बसले होते. आपल्या नाकाखाली सोंग नाचलं याचं त्यांना लागलं होतं. मी चाचरत विचारलं, "तुम्हाला कसं आवडेल? प्रत्येकाला आपलं रूप वेगळं ठेवता येतं."

"मला? मला काय कळतंय त्यातलं."

मी मागे सागवानाच्या रेषा लावल्या. खिडक्यांना तपकिरी कडा दिल्या, बटणं पितळी केली. अध्यक्ष हळूहळू पुढे सरकले.

"हे पॉलिश जरा गडद होईल?"

"होईल."

"आणि ही कड… गोल करता येते?"

"रंधा मारल्यासारखी."

ते यंत्रासमोर बसले. सभा त्यांच्या पाठीमागे ताटकळत राहिली. भाचीने दोनदा खाकरून पाहिलं. अखेर ते उठले, तेव्हा सोफ्याचा विषय त्यांच्या डोक्यातून गेला होता, पण अध्यक्षपण गेलं नव्हतं.

"यंत्रं राहू देत," ते म्हणाले. "पण काम अनधिकृत आहे. सल्लागारांना पत्र गेलं, त्यांची संमती दप्तरी नाही. पुढच्या सभेच्या आत ती रीतसर टपालाने आली पाहिजे. नाहीतर माझा ठराव जिवंत आहे."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. नर्सबाईंनी जास्त वेळ पाहिलं.

घरी येऊन मी लिहायला बसलो. पहिल्या मसुद्यात संमती शेवटच्या परिच्छेदात आली होती. दुसऱ्यात 'सभेत मत विचारू नये' अशी अट होती.

"ही खोड," भाची माझ्या खांद्यावरून वाचत म्हणाली.

"सगळंच खोडतो."

"मामा!"

बायकोने कोरा कागद पुढे केला. "लिहा. 'संमती आहे.' पूर्णविराम. सही." मी तसं लिहिलं. पुन्हा वाचायला मागितलं, तर तिने पाकीट चिकटवून टाकलं होतं.

मी भाचीला म्हणालो, "तू उद्या तिथेच जाणार आहेस. घेऊनच जा ना."

"टपालाने म्हटलंय. माझ्या हातून आलं तर ते मामाचं झालं, महोदयांचं नाही."

सकाळी मी आणि बायको कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी गेलो. पाकीट पेटीच्या तोंडात अर्धं गेलं आणि माझी बोटं तिथेच थांबली. एकदा आत गेली की परत काढता येत नाही अशी कुठलीही गोष्ट मला कधीच आवडलेली नाही.

"काय झालं?" बायको म्हणाली.

"'संमती आहे' बरोबर आहे ना? का 'मान्य आहे' हवं होतं?"

"अहो, सोडा."

मी सोडलं.