आठ दिवसांचं काम

"पेडल पार खाली जातंय, मिस्त्री," सिस्टर म्हणाल्या.

मिस्त्री गाडीखाली सरकला. मागच्या चाकाकडे जाणाऱ्या ब्रेकच्या नळीला गंजाचे पोपडे धरले होते. नखाने खरवडताच ऑइलचा थेंब वर आला.

"सगळ्याच नळ्या बदलाव्या लागतील."

"रविवारी निघायचंय मला. बहिणीला दिसेनासं झालंय, घाटाखाली एकटीच असते. तिच्याकडेच राहणार आता, कायमची."

गाडीखाली तो नखाने तीच जागा पुन्हा खरवडत राहिला. मग तो म्हणाला, "नळी बाहेरून मागवावी लागेल. आठ दिवस तरी जातील."

"बरं," म्हणून सिस्टर चालत घरी गेल्या.

नव्या नळीचं वेटोळं गॅरेजच्या मागच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेलं होतं. मिस्त्री साठीला टेकला होता. गिऱ्हाइकाला थाप मारायची ही पहिलीच वेळ. त्याची आई अंथरुणाला खिळली तेव्हा सिस्टर तीन वर्षं रोज सकाळी नवाच्या ठोक्याला यायच्या. जखमा धुताना तिला शेजारपाजारच्या गमती सांगायच्या. मुलाशी धड न बोलणारी आई खुदकन हसायची, आणि तो गरम पाण्याचं भांडं धरून उभा असायचा. आई गेली, सिस्टरांचं येणं संपलं. तरी महिनाभर तो नवाला दाराची कडी काढून ठेवी. बोलायचं मात्र राहूनच गेलं.

दुपारी त्याने डबा उघडला. भिंत चाचपत चालणारी एक अनोळखी बाई सारखी डोळ्यांपुढे येत होती. त्याने डबा झाकला, वेटोळं खाली काढलं आणि नळ्या वाकवायला घेतल्या.

संध्याकाळी त्याने फोन केला. "नळी मिळाली. सकाळी या. ब्रेकमधली हवा काढायची, पेडलवर कोणीतरी लागेल."

सकाळी सिस्टर गाडीत बसल्या, तो चाकापाशी आडवा झाला.

"दाबा. धरून ठेवा." बुडबुडे आले. "सोडा."

"नळी कुठे मिळाली?"

"इथेच होती," तो म्हणाला. "दाबा."

"ठाऊक आहे. कालच बघितली मी, खिळ्याला."

त्याचा पाना थांबला. "मग बोलला नाहीत?"

"म्हटलं, आठ दिवस तर आठ दिवस." त्यांचा पाय पेडलवर तसाच होता. "सोडू का?"

"सोडा," तो म्हणाला.

चारही चाकं झाली. पेडल कडक लागू लागलं. त्याने एक चक्कर मारून आणली आणि किल्ली त्यांच्या हातात दिली.

"घाटात गिअरवर उतरा. नुसत्या ब्रेकच्या भरवशावर राहू नका."

"तुम्ही दुरुस्त केलेल्या ब्रेकच्यासुद्धा?"

तो हात पुसत राहिला.

गाडी रस्त्याला लागली. कोपऱ्यावर मागचे लाल दिवे लागले. रस्ता रिकामा होता, तरी ते बराच वेळ लागलेलेच राहिले. मग विझले, आणि गाडी वळली.