किरकोळ साफसफाई

बान हे-वनने कोडमधल्या बदललेल्या दोन ओळी पुन्हा वाचल्या, नोंदीत ‘किरकोळ साफसफाई’ असं लिहिलं आणि तो बदल सगळ्यांना दिसेल असा चढवला.

एक्स-रेच्या फाइली उघडणारी ती लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, देशभरातली इस्पितळं वापरत. ती सांभाळायचं काम देजॉनमधल्या तिच्या गटाकडे होतं. चूक साधी होती. चित्रासाठी मेमरीत ठरावीक जागा राखलेली. फाइल आपली लांबी सांगे, आणि जागा पुरते का हे न पाहताच तेवढं आत ओतलं जाई. कुणी मुद्दाम मोठी फाइल बनवली, तर ती शेजारच्या जागेत सांडून त्याचे हुकूम तिथे चालू लागले असते. इस्पितळांना यंत्रणा पुरवणाऱ्या मोठ्या कंपन्यांना खाजगीत कळवलं होतं. त्या दुरुस्ती बसवून घेईपर्यंत, म्हणजे मंगळवारपर्यंत, बाकी कुणाजवळ बोलायचं नव्हतं. दुरुस्तीवर कुणाची नजर जाऊ नये म्हणून तिला साफसफाई म्हणायचं, ही या कामातली जुनी रीत.

मोकपोच्या छोट्या इस्पितळाला कुणी कळवलं नव्हतं. तिथली यंत्रणा तिचा दादा ग्यू-सक बघायचा. रुग्ण दुसरीकडचे एक्स-रे सीडीवर घेऊन येत, आणि आलेली प्रत्येक सीडी उघडली जाई.

दुपारी तिने त्याला फोन लावला. तो किंबाप खात होता. आईच्या गुडघ्याचं बोलून झाल्यावर, नवी आवृत्ती आजच बसवून टाक, असं तिने सहज सुचवलं. त्याने नोंद वाचली होती. साफसफाईसाठी यंत्रणा बंद ठेवायला विभागप्रमुख परवानगी देत नाहीत, म्हणाला.

“कारण सांग. आत्ता जाऊन विचारतो.”

हे-वनने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“कारण लिहिलंय की तिथे.”

“साफसफाई? तू?” तो हसला. “अगं, तुझी खोली अजून आई झाडते.”

ती हसली नाही. पलीकडचं चावणं थांबलं.

“बरं,” तो हळू आवाजात म्हणाला. “जेवलीस का?”

“हो, दादा.”

तासाभराने इस्पितळाच्या संकेतस्थळावर सूचना झळकली: तांत्रिक कारणास्तव बाहेरच्या सीडी आज स्वीकारल्या जाणार नाहीत. हे-वनने खुर्चीला पाठ टेकली. मग तिने नकाशा उघडला आणि मोकपोच्या आसपासची गावं मोठी करून पाहिली. बराच वेळ ती इस्पितळांची एकेक लाल खूण बघत राहिली.

गटप्रमुख नाम्गुंग शेजारच्या खोलीत होते. ती त्यांच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली.

“सर, मंगळवार नको. आजच जाहीर करू.”

त्यांनी चष्मा काढला. कंपन्यांना आपण शब्द दिलाय, त्यांचं काम अजून अर्धंच झालंय, याची त्यांनी तिला शांतपणे आठवण करून दिली.

“असं काय झालं एकदम?”

“एका इस्पितळाला मी आजच कळवलंय,” ती म्हणाली. “बाकीच्या ठिकाणी माझा दादा नाही.”